खुंट्यांतले पितळी खिळे

३ मार्च, रविवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: या घराचा पुढचा दरवाजा, कुलपासकट. माझ्या मुलीचा, नजलाचा पाळणा, आता तिच्या नणंदेकडे आहे. बायकोच्या, इन्शिराहच्या शिवणयंत्राचं टेबल; त्याचे चारही पाय जमिनीला टेकतात, आणि आमच्या घरातली जमीन कशी आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्यातलं काम कळेल. बय्यूमीच्या नावेची वल्ही. आमच्या गल्लीतल्या मशिदीत चपला ठेवायची मांडणी. आणि सिमसिमिया, आमच्या किनाऱ्यावरचं तारांचं वाद्य. पहिली केली रॉकेलच्या डब्याची, टेलिफोनच्या तारा लावून. तेव्हा आम्ही युद्धामुळे सुएझ सोडून डेल्टातल्या एका शाळेच्या वर्गात राहत होतो आणि मी इतका लहान होतो की डबा कापताना आईनं माझा हात धरला होता. त्यानंतरच्या सगळ्या लाकडाच्या. लाकूड मोडीत निघालेल्या जहाजांच्या दारांचं, कारण ते समुद्रावर वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि पुन्हा वाकत नाही. तारा सायकलच्या ब्रेकच्या दोरीतून उसवून काढलेल्या. खुंट्या कोरलेल्या, विकतच्या नाहीत.

हे लिहून ठेवतोय त्याला कारण आहे. आज कैरोच्या कंपनीच्या मॅडम लमीस आल्या होत्या. फुटबॉल चषकाचा अंतिम सामना यंदा आमच्या सुएझच्या मैदानावर होणार हे सगळ्यांना कळलंच आहे. सामन्याआधी गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम आहे, सगळा देश टीव्हीवर बघणार, आणि त्यात त्यांना सुएझची सिमसिमिया हवी आहे. बारा वाद्यं, बारा वादक. वाद्यं सगळी माझ्या हातची. त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात ‘शिक्षण’ असा रकाना होता आणि खाली ‘कोणत्या संगीत संस्थेतून’. मी तो कोरा ठेवला. त्यांनी काहीतरी विचारलं. कैरोच्या बायका ओठांतल्या ओठांत बोलतात, दोनदा विचारायला लावलं. मग म्हणाल्या, कोरा राहिला तरी चालेल.

मला चालत नाही. म्हणून इथे भरला.

एवढंच व्हायला हवं: जे वाद्य मी कोणाकडून शिकलो नाही, ते माझ्या हातचं, माझ्या सुरात लावलेलं, एकदा सगळ्या देशानं ऐकावं. त्यापुढे मला काही नको.

९ मार्च, शनिवार

काल शुक्रवारच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं. बैठक नेहमीप्रमाणे सअदावी शिंप्याच्या दुकानामागच्या अंगणात. आमच्यात पैसे घेऊन कोणी वाजवत नाही. कोणी पुढे बसत नाही, सगळे गोलात. मात्र सूर रय्यसचा. बैठकीचा जो म्होरक्या तो रय्यस. त्याच्या वाद्यावरून बाकीचे आपापल्या तारा लावतात आणि त्याच्या सुराला कोणी बोट लावत नाही. ही आमच्या आजोबांच्या वेळची रीत आहे. नऊ वर्षांपासून रय्यस मी आहे.

सगळे खूश झाले, बय्यूमी सोडून. बय्यूमी मासेमार आहे, त्याचा आवाज आमच्यात सगळ्यांत मोठा, आणि आमची मैत्री त्या डेल्टातल्या वर्गापासूनची. तो म्हणाला, “स्टेडियममध्ये लोक शिव्या द्यायला जातात रे. तिथं तू त्यांना गाणं ऐकवणार?” मग गेल्या वर्षीच्या सामन्याची आठवण काढली. गायिकेच्या मागे सोडलेला रंगीत धूर मैदानावर इतका साचला की सामना उशिरा सुरू झाला, लोकांनी बाटल्या फेकल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात गोल कोणी मारला यापेक्षा धुराचीच बातमी मोठी. मी म्हटलं, धूर कैरोचा होता, आपल्याकडे धूर नाही, लाकूड आहे.

“लाकूडसुद्धा पेटतं, रय्यस,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यानं माझ्या जवळ येऊन, तोंड माझ्याकडे करून, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश विचारलं, “तुला नक्की करायचंय?” हल्ली तो माझ्याशी असाच बोलतो. वय झालं त्याचं.

१५ मार्च, शुक्रवार

कंपनीनं आज जाहीर केलं की मुख्य गायक झियाद कमर. सुएझ पेटलंय. या माणसानं एका मुलाखतीत म्हटलं होतं की सुएझला त्याच्या गाडीच्या काचा बंद ठेवाव्या लागतात, तेल आणि मासळीचा वास येतो. कॅफेत त्याचं पोस्टर लावायला आलेल्या माणसाला मालकानं चहा पाजला आणि पोस्टर परत दिलं. एका टेबलावरचे म्हणत होते की मैदानाच्या मधोमध स्टेज बांधणार, गवताची वाट लागणार, आपली टीम घसरून पडणार. दुसऱ्या टेबलावरचे म्हणत होते, टीम एरवीही पडतेच.

मी घरी येऊन मॅडम लमीसना फोन लावला. फोनची लाइन इतकी खराब की शेवटी नजलाच्या हातात दिला; ती ऐकायची आणि मला मोठ्यानं सांगायची. कळलं ते असं: सगळं आधी रेकॉर्ड केलेलं असणार. कमरचं गाणंही, आमची सिमसिमियाही. आम्ही मैदानावर नुसते हात हलवायचे.

मी म्हटलं, मग माझ्या वाद्यांऐवजी पुठ्ठ्याची घ्या, हलकी पडतील.

नजलानं हे वाक्य गाळून दुसरंच काहीतरी नम्र सांगितलं असावं, कारण तिकडून बराच वेळ बोलणं झालं. मी अडून बसलो. हात हलवायला मी सुएझमधून एक माणूस देणार नाही. शेवटी ठरलं: कमर आपलं रेकॉर्ड वाजवील, आणि त्यानंतर तीन मिनिटं फक्त आम्ही, खरं वाजवून. मॅडम म्हणाल्या, आजवर कुठल्याच अंतिम सामन्यात त्यांनी कोणाला खरं वाजवू दिलेलं नाही, जोखीम असते. मी म्हटलं, जोखीम त्याला असते ज्याला येत नाही.

२१ मार्च, गुरुवार

मातृदिन. नजला इन्शिराहसाठी साडेतीन हात लांबीची रेशमी ओढणी घेऊन आली (मी मोजली, दुकानदारानं चार सांगितले होते). जेवताना मी टीव्ही लावला तर तिनं उठून आवाज कमी केला. शेजाऱ्यांची तक्रार आहे म्हणे. मग तो ऐकूच येईना, मी बंद केला. ती म्हणाली, “बाबा, गोदीत इतकी वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढलीत. कधी कान दाखवलेत?” मी म्हटलं, गोदीतल्या बाकीच्यांचे कान गेले, कारण ते कामाच्या वेळी गप्पा मारायचे. मी माझ्या कामाकडे लक्ष द्यायचो.

इन्शिराह ताटं उचलायला लागली. ती आजकाल एकूणच कमी बोलते.

आठ वाद्यं झाली, चार बाकी. वाद्यांच्या लाकडी पेट्या उत्तम उतरल्यात. अडचण तारांची आहे. ब्रेकच्या दोऱ्या आता परदेशी स्वस्त मालाच्या येतात, पोलादात जीव नाही. वरच्या तारांना पूर्वीसारखी चमक येत नाही, नुसता ठोकल्यासारखा आवाज. मी आणखी ताणून बघतो. ताणलं की थोडी चमक येते, मग तुटतात. आज तीन तुटल्या. दुकानदाराला झापलं. त्यानं शपथ घेतली की वीस वर्षं माल तोच आहे. माणसं तोंडावर खोटं बोलतात.

५ एप्रिल, शुक्रवार

आज जे पाहिलं ते झोपण्याआधी लिहून ठेवतो.

बाराही वाद्यं तयार करून, प्रत्येक तार मी स्वतः लावून, तालमीला नेली. एकेकाच्या हातात दिली. एक गाणं झालं. चांगलं झालं, पण सगळे कसे दबकत वाजवत होते. चहा आणायला मी सअदावीच्या दुकानात गेलो. किटली स्टोव्हवर होती, वाफ जोरात येत होती आणि कोणी उतरवलीच नव्हती. सअदावी आत येऊन घाईनं बंद करत म्हणाला, “शिटी देऊन देऊन फुटेल ना रय्यस, तुम्ही शेजारी उभे...” मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

थाळी घेऊन बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे पाठ करून, माना वाकवून बसलेले. प्रत्येकाचा हात खुंटीवर. एक जण हळूच तार छेडून शेजाऱ्याला ऐकवतोय, शेजारी मान हलवतोय, आणि मधोमध बय्यूमी बोटानं खूण करतोय, खाली, अजून खाली.

मला पाहून हात झटक्यात मागे गेले. मी विचारलं, काय चाललंय. सअदावी म्हणाला, हवा दमट आहे रय्यस, खुंट्या सरकतात.

माझ्या खुंट्या सरकत नाहीत. जहाजाच्या दारांचं लाकूड आहे, प्रत्येक खुंटी भोकात बसवण्याआधी मी खडूची पूड आणि साबण लावून घासलेली आहे. हे मी त्यांना सांगितलं. कोणी वर बघेना. दुसऱ्या गाण्याला मी पुन्हा सगळ्या तारा माझ्या सुराला लावल्या. बय्यूमी उठून नावेकडे गेला, चहा न घेता.

आता विचार करतो तर आठवतं, हिवाळ्यातही मी आत गेलो की ते असेच वाकून बसायचे. मला वाटायचं थंडी.

७ एप्रिल, रविवार

उपाय सापडला. तार लावून झाली की खुंटीतून आडवा एक बारीक पितळी खिळा, थेट दांडीत. मग ती केसभरही फिरणार नाही, दमट हवेनं नाही आणि कोणाच्या बोटांनीही नाही. खिळे जुन्या घड्याळाच्या पितळेचे केले, डोकी घासून सपाट. दिसतातही सुंदर.

१४ एप्रिल, रविवार

आज मैदानावर आवाजाची चाचणी. कैरोचा तामिर नावाचा तरुण आला होता, आवाजाचा इंजिनियर. नम्र मुलगा, मला सारखं “अम्म महरूस”, म्हणजे महरूसकाका, म्हणत होता. माझं एक वाद्य त्यानं अगदी जपून हातात घेतलं, पेटीवरून हात फिरवला, म्हणाला असं काम त्यानं पाहिलेलं नाही. ते खरंच आहे. मग वाद्यावर एक छोटं यंत्र लावलं, त्यावर दिवा. एकेक तार छेडायला सांगितली. खालच्या तारांना दिवा हिरवा. वरच्यांना तांबडा, प्रत्येकीला.

मी म्हटलं, तुझं यंत्र पियानोसाठी आहे, आमचा सूर पियानोचा नाही.

तो म्हणाला ते खरं आहे, तो ते समजून आहे, यंत्र त्यानं सिमसिमियाच्याच सुरांना लावून आणलंय. मग म्हणाला की त्याच्याकडे एक उपाय आहे. मोबाइल काढून त्यानं काहीतरी लावलं आणि आवाज खूप वाढवून माझ्याजवळ धरलं. बैठक. आमची. मी वाजवतोय, बय्यूमी गातोय, दहा-बारा वर्षांपूर्वीचं असावं. तामिर म्हणाला, “अम्म, तीन मिनिटं हेच लावू. हे तुमचंच आहे. कोणाला कळणारही नाही. यात तुमचा एक सूर हलत नाही.”

मी विचारलं हे तुला दिलं कोणी.

बय्यूमीनं.

तिथून सरळ धक्क्यावर गेलो. तो जाळं दुरुस्त करत होता. मी म्हटलं, तू माझ्या मागे कैरोवाल्यांशी बोललास. तो उठून समोर आला, माझे दोन्ही खांदे धरले आणि इतक्या जवळून बोलला की तंबाखूचा वास आला.

“महरूस, तुझ्या वरच्या तारा चढ्या लागतात. दोन वर्षं झाली. आम्ही तू आत गेलास की उतरवून घेतो. तुला कळत नाही म्हणून कोणी बोललं नाही, रय्यसच्या सुराला बोट लावायचं नसतं म्हणून कोणी बोललं नाही. आता मी बोलतोय. अख्ख्या देशापुढे असा जाऊ नकोस.”

मी त्याला म्हटलं, तुझ्या आवाजाचं वय झालं, आता वर पोचत नाही, म्हणून तुला सूर खाली हवाय. मग म्हटलं, तुझी जागा रिकामी समज. गाणाऱ्याशिवाय वाजवू.

त्यानं खांदे सोडले. “वल्ही परत हवीत का?” असं त्यानं विचारलं. मी धक्क्यावरून चालू लागलो.

२० एप्रिल, शनिवार

बय्यूमीशिवाय तालीम. कोणी खुंट्यांना हात लावत नाही, मी गोलाच्या मधे उभा असतो. सगळे मान खाली घालून वाजवतात. शिस्त आली.

शहरात कमरवरून रोज काही ना काही. आज पाहुण्या क्लबच्या समर्थकांनी पत्रक काढलं की त्यांना गाणं नको, गाण्याच्या पैशात तिकिटं स्वस्त करा. आमच्या समर्थकांनी लगेच आपलं पत्रक काढलं: गाणं नको. दोन्ही क्लबांचं एकमत झालेलं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. पण दोन्ही पत्रकांत शेवटी एक ओळ आहे, की सुएझच्या सिमसिमियाला आमचा विरोध नाही. इन्शिराहला वाचून दाखवली. ती पुढे आली, कागद हातात घेतला, घडी करून मला परत दिला. म्हणाली, “बय्यूमी आला नाही बरेच दिवस.”

२५ एप्रिल, गुरुवार

बाराही वाद्यं आमच्या खोलीत, दार लावून, एका बैठकीत लावली. वरच्या तारा थोड्या जास्तच ताणल्या, मोकळ्या मैदानात चमक लागते. मग खिळे. प्रत्येक खिळा बसताना बोटांना जाणवतो, लाकूड घट्ट धरतं. शेवटचा ठोकला आणि दोन्ही हात धुतले, आजोबा बैठकीआधी धुवायचे तसे.

२६ एप्रिल, शुक्रवार

वाजवलं. खरं वाजवलं. सगळ्या देशानं पाहिलं.

उद्या सविस्तर.

२७ एप्रिल, शनिवार

आधी कमर आला. पांढरा कोट, सोन्याचा माइक. गाणं सुरू झालं आणि तो धावत गवतावर उतरला आणि घसरला. पडला नाही, पण माइक हातातून सुटून लांब गेला आणि गाणं मात्र चालूच राहिलं, त्याच आवाजात. तो माइक उचलायला वाकलाय आणि वर त्याचा आवाज सगळीकडे प्रेमाचं सांगतोय. लोक आधी हसले, मग चिडले. बाटल्या आल्या. त्याला घेऊन गेले. मला वाईट वाटलं म्हणणं खोटं ठरेल. मला वाटलं, आता त्यांना खरं काय ते ऐकवू.

आम्ही बारा गोलात बसलो, मैदानाच्या मधोमध, आमच्या रितीनं. माइक आमच्या मधे. मी हात वर केला.

पहिल्या काही सुरांतच मैदानातून एक मोठा, खोल गडगडाट उठला, छातीत जाणवावा असा, बंदरात जहाज भोंगा देतं तसा. चाळीस हजार माणसं आमच्यासाठी उठली होती. वरच्या मजल्यावर कितीतरी जणांनी दोन-दोन बोटं तोंडात घातली होती, हात हलवत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लिहायला लाज नाही. मग सअदावीनं हात थांबवला. माझ्याकडे पाहत, खुंटी चाचपत, ती फिरत नाही म्हणून दोन्ही हातांनी पिळत. मी डोळ्यांनी दटावलं. मग त्याच्या शेजाऱ्यानं थांबवलं. मग एकेक. कोणी वाद्य मांडीवर उलटं ठेवलं, कोणी डोकं खाली घातलं. बाटल्या पुन्हा यायला लागल्या होत्या, त्या कमरसाठी होत्या; त्याचा राग अजून उतरला नव्हता. मी एकटा वाजवत राहिलो. तीन मिनिटं मी पुरी केली.

पंच कधीचा बाजूच्या रेषेवर उभा होता. शिटी तोंडात घेऊन गाल फुगवत होता, पुन्हा पुन्हा, पण वाजवत नव्हता. शेवटी तो आत आला आणि माझ्या मनगटाला हात लावला.

सामना आपण हरलो. त्याबद्दल इतर लोक लिहितीलच.

बोगद्यात तामिर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हटलं, पाहिलंस? त्यानं मान हलवली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. बाकीचे बसमधे आधीच जाऊन बसले होते. वाटेत कोणी बोललं नाही. हरल्यावर बोलतं कोण.

२९ एप्रिल, सोमवार

आज शम्म अन-नसीम, वसंताचा सण. सगळं शहर किनाऱ्यावर, खारवलेली मासळी, हिरवा कांदा, रंगवलेली अंडी. दरवर्षी बैठकीतल्या सगळ्यांच्या चटया शेजारी-शेजारी असतात. आज आम्ही गेलो तेव्हा सअदावीची चटई लांब, झाडापाशी. त्यानं हात वर केला, आला नाही. कॅफेवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. आनंदानं पैसे न घेणारा माणूस डोळ्यांत बघतो.

मी म्हटलं, हा सगळा कमरनं केलेला घोटाळा. त्याच्यामुळे आम्हाला कोणी ऐकलं नाही. नजला म्हणाली, हो बाबा. इतक्या लवकर म्हणाली की मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मोबाइल ओढणीखाली सारला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला नाही.

तिनं लावून दिला. मैदान, आम्ही गोलात, लहान-लहान दिसतो. मी आवाज पूर्ण वाढवला. तोच गडगडाट. वाद्यं ऐकूच येत नव्हती, नुसती ठक-ठक, तार नसलेल्या लाकडावर कोणी बोट मारावं तशी. मी म्हटलं, फोनमधे खरा आवाज कधी येत नाही. आमच्यामागच्या चटईवरच्या बाईनं मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले होते, आणि तिचा नवरा तिला गप्प करत होता. कॅमेरा वरच्या मजल्यावर गेला. पुन्हा ते लोक, तोंडात बोटं, गाल फुगलेले, चेहरे आनंदाचे नव्हते. हे मला मैदानातून दिसलं नव्हतं.

इन्शिराहनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. समोर येऊन बसली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

“शिट्ट्या मारत होते, महरूस. पहिल्या सुरापासून.”

“कसल्या शिट्ट्या?” मी म्हटलं.

तिनं नजलाकडे पाहिलं. नजलानं समुद्राकडे. मासळीवर माश्या बसत होत्या, कोणी हाकलत नव्हतं.

१ मे, बुधवार

घरात कोणी नसताना किटलीत पाणी भरून स्टोव्हवर ठेवलं आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. ही किटली आमच्या लग्नातली आहे; पाणी उकळलं की ती गल्ली उठवायची, इन्शिराहच्या आईची आठवण म्हणून आम्ही हसायचो. वाफ सरळ, पांढरी, जोरात आली. खालची गल्ली शांत होती. बराच वेळ बसलो. मग शेजारणीनं येऊन दार वाजवलं, ते कळलं कारण माझ्या हातचा दरवाजा आहे, चौकटीतून जमिनीत कंप येतो. ती कानांवर हात ठेवून उभी होती.

किटलीची शिटी बिघडली असेल. तिचं झाकण मी घासून पाहिलं. झाकणात दोष नाही.

२ मे, गुरुवार

सकाळी बारापैकी अकरा वाद्यं दारात. सअदावीनं पोत्यात नीट गुंडाळून ठेवली होती, त्याच्या दुकानातल्या चांगल्या कापडाच्या चिंध्या मधे-मधे घालून. चिठ्ठी नाही. एका वाद्याचा खिळा कोणीतरी उपटायचा प्रयत्न केलेला दिसतो. खिळा निघाला नाही, खुंटी चिरली. माझं काम असंच असतं. एकदा बसवलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

दुपारी बय्यूमी आला. वल्ही खांद्यावर होती. मला वाटलं परत करायला आला. पण ती त्यानं भिंतीला टेकवली आणि म्हणाला, आता रोज हीच वापरणार, म्हणून घासून द्यायला आणलीत, मुठी खरखरीत झाल्यात. मी विचारलं, इंजिनाचं काय झालं. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्याला छान जमतं.

इन्शिराहनं चहा ठेवला आणि आत गेली, पण दार लावलं नाही. बय्यूमी माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला. खिशातून नोटांचं एक जाड पाकीट आणि एका दवाखान्याचं कार्ड काढलं. नजलानं माहिती काढली होती म्हणे. दोन्ही कानांत घालायची यंत्रं, बदामाएवढी, कोणाला दिसत नाहीत. तपासणी धरून किती होतात तेही विचारून आला होता.

मी म्हटलं, जी वस्तू मला उघडून दुरुस्त करता येत नाही ती मी अंगावर घालत नाही.

“मग उघड,” तो म्हणाला. “तूच उघड, तूच बिघडव, दुसरी आणू. फक्त एकदा कानात घाल, आणि तुझी ती अकरा वाद्यं एकेक करून छेडून बघ. मी इथं बसतो. कोणाला बोलावत नाही.”

“तेच तर...” असं माझ्या तोंडून गेलं. पुढचं मी बोललो नाही. त्याला कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि चहा संपवला.

मग त्यानं विचारलं उद्या शुक्रवार आहे, येणार का. सूर कोणी लावायचा, मी विचारलं. त्याचे ओठ हलले. या वेळी त्यानं तोंड माझ्याकडे केलं नव्हतं, मी पुन्हा विचारलं नाही. पाकीट मी त्याच्या खिशात परत ठेवलं, वरचं बटण लावून दिलं. तो गेला. दार लागलेलं मी पाहिलं.

वल्ह्यांच्या मुठी संध्याकाळपर्यंत घासल्या, तेल लावलं. उद्या इन्शिराहच्या हाती पाठवीन.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. बय्यूमीनं देऊ केलेलं आणि मी नाकारलेलं, त्याच्या नावेचं इंजिन विकून आणलेलं, माझ्या दोन्ही कानांसाठी: बत्तीस हजार पौंड.